भिंती कोणाच्या, शब्द कोणाचा?



आजचा विषय एका इमारतीपासून सुरू करावा लागेल. मुंबईत रीगल सिनेमाच्या चौकात, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या समोरच्या अंगाला, एक जुनी दगडी वास्तू आहे. ती १९११ची. आराखडा जॉर्ज विटेट यांचा. समोरचं वस्तुसंग्रहालय आणि पलीकडचं गेटवे ऑफ इंडिया ज्यांनी रेखलं, तेच हे विटेट. देणगी सर कावसजी जहांगीर यांची, म्हणून वास्तूचं नाव सर कावसजी जहांगीर पब्लिक हॉल. सभा आणि मैफलींसाठी शहराला मिळालेलं हे सभागृह. पुढे मुंबईत नवी, वातानुकूलित नाट्यगृहं आली आणि या सभागृहाची रया गेली. तिथे मुष्टियुद्धाचे सामने झाले, कामगार संघटनांच्या बैठका झाल्या, लग्नाचे स्वागतसमारंभ झाले, चामड्याच्या वस्तूंचे सेल लागले.

आज तिथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची मुंबई शाखा आहे. चित्रकारांच्या बोलण्यात ‘एनजीएमए’.

सेल लागणारं सभागृह चित्रांचं घर कसं झालं? कुणा मंत्र्याच्या मनात आलं म्हणून? कुठल्या योजनेत तरतूद होती म्हणून? नाही. शिल्पकार पिलू पोचखानवाला आणि गॅलरी केमोल्डचे केकू गांधी यांच्यासारख्या माणसांनी हा ध्यास घेतला म्हणून. दिल्लीला जयपूर हाउसमध्ये १९५४पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय होतं. मुंबई हे भारतीय आधुनिक चित्रकलेचं एक मोठं माहेरघर. इथे १८८८ साली बॉम्बे आर्ट सोसायटी निघाली, इथे जे. जे. स्कूल, इथेच १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप जन्माला आला. अशा शहरात आधुनिक कलेचं सार्वजनिक संग्रहालय नसावं, हे या मंडळींना सलत होतं. त्यांनी वास्तू हेरली, पाठपुरावा केला, अर्ज-विनंत्या केल्या. दशकभराहून जास्त काळ हे चाललं. वास्तुविशारद रोमी खोसला यांनी जुन्या भिंतींच्या आत अर्धवर्तुळाकार मजल्यांची रचना उभी केली. एकेक जिना चढत प्रेक्षक वर जातो आणि शेवटी घुमटाखाली पोचतो. १९९६ साली संग्रहालय लोकांसाठी उघडलं. पिलू पोचखानवाला यांनी मात्र ते पाहिलं नाही. त्या १९८६ सालीच गेल्या होत्या.

हा इतिहास इतक्या तपशिलात सांगण्याचं कारण आहे. एखादी सार्वजनिक जागा हातून जाऊ लागली की कलावंत विरोध करतात, आणि मग एक प्रश्न हमखास विचारला जातो: जागा सरकारची, पैसा सरकारचा, तुमचा संबंध काय? मुंबईच्या या वास्तूपुरतं उत्तर स्पष्ट आहे. जागा दानशूर माणसाने शहराला दिलेली. तिचं संग्रहालय व्हावं हा आग्रह कलावंतांचा. पैसा करदात्यांचा. सरकार या सगळ्याचं विश्वस्त. विश्वस्ताला कारभार करण्याचा अधिकार असतो. पण ज्यांच्या वतीने कारभार करायचा, त्यांना विचारण्याची जबाबदारीही असते.

आजच्या व्याख्यानाचे तीन मुद्दे आहेत. सार्वजनिक कलादालन लागतं कशाला, हा पहिला. ते हातून जातं कसं, हा दुसरा. आणि कलावंतांच्या विरोधाने काय साधतं, काय साधत नाही, हा तिसरा.

पहिला मुद्दा. मुंबईत चित्रं लावायला जागा कमी आहेत का? वरवर पाहिलं तर मुळीच नाहीत. काळा घोड्याच्या परिसरात चार पावलांवर एक गॅलरी आहे. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२पासून उभी आहे. तीही कावसजी जहांगीर घराण्याच्याच देणगीतून, आणि तिच्यामागेही चित्रकार के. एच. आरा यांच्यासारख्यांची धडपड होती. मग आणखी एक सार्वजनिक संग्रहालय कशाला?

कारण प्रत्येक जागेचं काम वेगळं असतं. जहांगीरमध्ये प्रदर्शन मंगळवारी लागतं आणि पुढच्या सोमवारी उतरतं. एक आठवडा. चित्रकार भाडं भरतो, आपली चित्रं लावतो, विकली गेली तर आनंद. या एका आठवड्यासाठी चित्रकार वर्षानुवर्षं वाट पाहतात. त्या गॅलरीचे उपकार फार मोठे आहेत. खाजगी गॅलरीचं काम वेगळं. तिला चित्रकार घडवायचा असतो आणि चित्रं विकायचीही असतात. त्यात गैर काही नाही. पण एखाद्या चित्रकाराचं चाळीस-पन्नास वर्षांचं काम एकत्र बघायचं असेल तर? त्याची विद्यार्थिदशेतली रेखाटनं, मधल्या काळातले फसलेले आणि जमलेले प्रयोग, शेवटची चित्रं, डायऱ्या, पत्रं, हे सगळं एका छताखाली आणायचं असेल तर? ती चित्रं देशभरातल्या संग्राहकांच्या घरी असतात. ती मागून आणावी लागतात, त्यांचा विमा उतरवावा लागतो, हवेतला दमटपणा सांभाळावा लागतो. भिंती उंच लागतात, प्रकाश नेमका लागतो आणि मुख्य म्हणजे वेळ लागतो. प्रदर्शन महिना-दोन महिने चालावं लागतं. त्यातलं काहीच विकायचं नसतं. ज्यातून विक्री नाही असा एवढा व्याप कोण करणार? तो सार्वजनिक संस्थेनेच करायचा असतो. तिचं प्रयोजनच ते.

मुंबईच्या एनजीएमएने हे केलं आहे. २००५ साली चित्रकार जहांगीर सबावाला यांचं सिंहावलोकन तिथे झालं. २०१६ साली स्वतंत्र भारताच्या वास्तुकलेवरचं मोठं प्रदर्शन तिथे भरलं. २०१८च्या अखेरीस नवज्योत अल्ताफ यांचं काम तिथे एकत्र बघायला मिळालं. कलाशाळेतल्या मुलाला आपल्या आधीच्या पिढीने काय केलं हे पुस्तकातल्या छोट्या छापील चित्रांतून कळत नाही. मूळ चित्रासमोर उभं राहिल्यावर रंगाचा थर कळतो, आकार कळतो, हात कुठे थबकला तेही कळतं.

प्रभाकर बरवे यांचं उदाहरण घ्या. बरवे १९३६ सालचे, अलिबागजवळच्या नागावचे. जे. जे.मध्ये शिकले. विणकर सेवा केंद्रात नोकरी केली, त्या निमित्ताने काही वर्षं बनारसला राहिले. घड्याळ, पान, पीस, शिंपला, टाचणी अशा रोजच्या वस्तू त्यांनी कॅनव्हासवर अशा काही मांडल्या, की बघणाऱ्याची त्या वस्तूंशी असलेली ओळखच बदलून गेली. एनॅमल रंगात ते काम करत. चित्र कसं सुचतं, कसं घडतं, याचा मराठीत विचार करणारं ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक त्यांनी लिहिलं, ते १९९०चं. मराठीत चित्रकाराने स्वतःच्या निर्मितीविषयी इतक्या खोलात जाऊन लिहिलेलं फार थोडं आहे. बरवे १९९५च्या डिसेंबरात गेले. त्यांचं मोठं सिंहावलोकन त्यांच्याच शहरात, एनजीएमएमध्ये लागलं ते २०१९च्या फेब्रुवारीत. ‘इन्साइड द एम्प्टी बॉक्स’ हे त्याचं नाव. बोधना या संस्थेच्या जेसल ठक्कर यांनी ते सिद्ध केलं. चित्रांबरोबर डायऱ्या होत्या, टिपणं होती. बरवे मोठे चित्रकार हे मराठी वाचकाने बऱ्याचदा ऐकलेलं होतं. आता ते बघता आलं.

आणि याच प्रदर्शनाच्या उद्घाटनाला एक घटना घडली.

मित्रहो, हा दुसरा मुद्दा. जागा हातून जाते कशी?

८ फेब्रुवारी २०१९, शुक्रवारची संध्याकाळ. बाहेर काळा घोडा महोत्सवाची गर्दी. आत उद्घाटनाचे पाहुणे म्हणून अमोल पालेकर बोलायला उभे राहिले. पालेकर म्हणजे आपल्याला सिनेमा-नाटकातले माहीत. पण ते मुळात जे. जे.मध्ये शिकलेले चित्रकार. बरव्यांविषयी बोलता बोलता त्यांनी त्या वास्तूविषयी बोलायला सुरुवात केली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं. मुंबई आणि बंगळूरच्या शाखांसाठी स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्या होत्या. त्या १३ नोव्हेंबर २०१८पासून बरखास्त झाल्या आहेत. कुणाचं प्रदर्शन भरवायचं हे यापुढे दिल्लीत, संस्कृती मंत्रालयात ठरेल. आणि आधी ठरलेली प्रदर्शनं आटोपली, की संग्रहालयाच्या स्वतःच्या संग्रहाबाहेरच्या कामासाठी या वास्तूतला फक्त एक षष्ठांश भाग, म्हणजे घुमटाखालचा मजला तेवढा उरेल.

बोलणं पुरं होण्याआधीच त्यांना मंचावरून थांबवण्यात आलं. बरव्यांपुरतं बोला, असं सांगण्यात आलं. पुन्हा बोलू लागले, पुन्हा थांबवलं. बोलू द्यायचं नाही असा अर्थ घ्यायचा का, असं त्यांनी तिथल्या तिथे विचारलं. त्याच वर्षी जानेवारीत यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण आयत्या वेळी मागे घेतलं गेलं होतं. त्याचीही आठवण त्यांनी करून दिली. दोन दिवसांत या प्रसंगाची चित्रफीत देशभर फिरली.

पुढची चर्चा मुख्यतः भाषणस्वातंत्र्याची झाली. ती व्हायलाच हवी होती. निमंत्रित पाहुण्याला भाषणात अडवणं ही कुठल्याही कलासंस्थेला न शोभणारी गोष्ट आहे. पण त्या गदारोळात मूळ विषय मागे पडला. पालेकर काय बोलू पाहत होते? ते जागेविषयी बोलत होते. समितीविषयी बोलत होते. भाषण अडवल्याचं सगळ्यांनी पाहिलं; वास्तूचे पाच षष्ठांश हातून चालले आहेत, हे किती जणांनी ऐकलं?

इथे नीट थांबून बघू या. त्या संध्याकाळी वास्तूची एक वीटही हललेली नव्हती. दिवे चालू होते, भिंतींवर चित्रं होती, पाहुणे आले होते. तरीही जागा हातून जाण्याची प्रक्रिया सुरू झाली होती. समिती गेली, म्हणजे शहरातल्या कलावंतांचा शब्द गेला. मजल्यांचं वाटप बदललं, म्हणजे जिवंत आणि नुकत्याच गेलेल्या चित्रकारांच्या सिंहावलोकनाची शक्यता गेली. एका मजल्यावर बरवे मावणार आहेत का? पन्नास वर्षं चित्रं काढणारा माणूस घुमटाखाली बसवता येईल का?

आता दुसऱ्या बाजूनेही विचार केला पाहिजे. या निर्णयाच्या बाजूने बोलण्यासारखं काहीच नव्हतं का? होतं. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहात १७,०००हून अधिक कलाकृती आहेत. अमृता शेरगिल यांच्यापासून पुढच्या पिढ्यांपर्यंतचं ते राष्ट्रीय धन आहे आणि त्यातलं पुष्कळसं भांडारात पडून असतं. मुंबईच्या प्रेक्षकाला ते कायम बघायला मिळावं, ही मागणी रास्त आहे. कलावंतांनीच ती करायला हवी. जगातली मोठी संग्रहालयं कायमचा संग्रह आणि बदलती प्रदर्शनं यांचा तोल सांभाळूनच चालतात.

म्हणजे प्रश्न तोलाचा आहे. आणि तोल कोणी ठरवायचा? तीन मजले संग्रहाला आणि दोन बदलत्या प्रदर्शनांना, असंही ठरू शकतं. वर्षातले सहा महिने असं आणि सहा महिने तसं, असंही ठरू शकतं. संग्रहासाठी शहरात दुसरी जागा मिळवू, असाही तोडगा निघू शकतो. हे सगळं चर्चेला घेता आलं असतं. चर्चा ज्या टेबलाभोवती व्हायची, ते टेबलच आधी काढून घेतलं गेलं. विरोध झाला तो त्यासाठी, आणि तो योग्यच होता.

जागा जाण्याची दुसरीही एक तऱ्हा आहे. ती डोळ्यांना दिसते, कानांना ऐकू येते. तिच्यासाठी गोव्याला जावं लागेल.

पणजीला कांपालमध्ये, मांडवीच्या काठावर कला अकादमी आहे. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांची ही वास्तू १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पुरी झाली. दीनानाथ मंगेशकर कला मंदिर तिथे आहे, खुलं प्रेक्षागृह आहे, कलादालन आहे. व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांनी नाट्यगृहाच्या आतल्या भिंतींवर रंगवलेले प्रेक्षक आहेत. नाटकाला आलेल्या माणसाला आपल्याबरोबर ते गोंयकारही नाटक बघताहेत असं वाटतं. रस्त्यावरून थेट नदीपर्यंत कुणीही चालत जावं, अशी कोरियांनी ती वास्तू मोकळी ठेवली. मराठी नाटक, कोंकणी तियात्र, शास्त्रीय संगीत, चित्रप्रदर्शनं, सगळं या एका छताखाली नांदत आलं.

२०१९ साली ही वास्तू कमकुवत झाल्याचं कारण देत ती पाडण्याची भाषा सरकारकडून झाली. कलावंत, वास्तुविशारद आणि चार्ल्स कोरिया फाउंडेशन विरोधात उभे राहिले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेलं. पाडणं टळलं. मग दुरुस्तीसाठी अकादमी २०२१पासून बंद झाली. आणि २०२३च्या जुलैत, काम सुरू असतानाच, खुल्या प्रेक्षागृहाचं छत कोसळलं. रात्रीची वेळ होती, कुणाचा जीव गेला नाही. त्यानंतर गोव्यातल्या कलावंतांनी ‘कला राखण मांड’ या नावाने एकत्र येऊन दुरुस्तीच्या कामाचा हिशेब मागायला सुरुवात केली. नोव्हेंबरात अकादमी पुन्हा उघडली. तेव्हाही कलावंतांचे प्रश्न थांबले नाहीत: आवाज नीट पोचतो का, प्रकाशयोजना नीट आहे का, छत गळतं का.

या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहा. मुंबईत वास्तू धड होती, निर्णयातला कलावंतांचा शब्द काढून घेतला गेला. पणजीत वास्तूच्याच जिवावर बेतलं. आणि तिथेही कलावंतांचं मुख्य गाऱ्हाणं काय होतं? की दुरुस्ती ठरवताना आणि करताना रंगमंच रोज वापरणाऱ्यांना विचारलं गेलं नाही. गाऱ्हाणं तेच. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिराच्या पुनर्विकासाचा प्रस्ताव आला, तेव्हाही वाद याच जागी येऊन थांबला. १९६८ साली उघडलेलं ते रंगमंदिर, त्याच्या आवारातलं कलादालन. पाडावं की जपावं यावर कलावंतांमध्येही दोन मतं पडली. दोन मतं असायला हरकत नाही. ती ऐकली जाणार आहेत की नाही, हे महत्त्वाचं.

म्हणून, मित्रहो, हातोडा दिसला की विरोध करायचा, ही आपली सवय अपुरी आहे. हातोडा सर्वांत शेवटी येतो. त्याच्या आधी येते मुदत संपलेली आणि पुन्हा न नेमलेली समिती. त्याच्या आधी येतं कुणालाही न दाखवलेलं परिपत्रक. त्याच्या आधी येते वर्षानुवर्षं न झालेली देखभाल: गळकं छत, बंद पडलेलं वातानुकूलन, ओल आलेली भिंत. छत गळायला लागतं तेव्हाच विचारलं तर खर्च दुरुस्तीचा असतो. दहा वर्षांनी विचारलं तर उत्तर मिळतं, की आता पाडण्यावाचून इलाज नाही.

आता तिसरा मुद्दा. विरोधाने काय साधतं?

२०१९च्या त्या भाषणानंतर चित्रकार बोलले, लिहू लागले. वर्तमानपत्रांनी सल्लागार समितीसारखा रुक्ष विषय पहिल्या पानावर आणला. समितीने आधी मान्य केलेल्या प्रदर्शनांचं काय होणार, हा प्रश्न उघडपणे विचारला गेला. पुढे काय झालं? २०१९च्या अखेरीस सुधीर पटवर्धन यांचं मोठं सिंहावलोकन त्याच वास्तूत भरलं. पटवर्धन म्हणजे ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करता करता लोकलमधली, गिरणगावातली, झोपडपट्टीतली माणसं रंगवणारे चित्रकार. नॅन्सी अदजानिया यांनी ते प्रदर्शन सिद्ध केलं. ‘लोअर परळ’सारख्या चित्रांमधून गिरणी बंद पडलेलं शहर ज्यांनी समोर ठेवलं, त्यांचं आयुष्यभराचं काम मुंबईकरांना मुंबईतच बघता आलं. त्यानंतर २०२०च्या मार्चमध्ये चित्रकार मेहली गोभाई यांचं प्रदर्शन तिथे उघडलं. गोभाई २०१८ सालीच गेले होते. टाळेबंदी आल्याने ते प्रदर्शन फार लोकांना बघता आलं नाही, पण ते भरलं.

ही प्रदर्शनं केवळ विरोधामुळे झाली, असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. त्यामागे अभ्यासकांचे कष्ट होते, संग्राहकांचं औदार्य होतं, संग्रहालयातल्या कर्मचाऱ्यांची मेहनत होती. पण ज्या विषयाकडे कुणी बघत नव्हतं, त्याकडे सगळ्यांचं लक्ष गेलं, आणि लक्ष असताना दारं बंद करणं कठीण जातं, एवढं नक्की.

विरोधाने जे साधत नाही तेही सांगितलं पाहिजे. एका भाषणाने संस्थेचे नियम बदलत नाहीत. एका मोर्चाने दुरुस्तीचा दर्जा सुधारत नाही. लक्ष हटलं की कारभार पुन्हा जुन्या चाकोरीत जातो. शिवाय आपल्याकडे चित्रकार एकटा काम करतो. नाटकवाल्यांच्या संघटना आहेत, नाट्य परिषद आहे, नाट्यगृह बंद पडलं तर प्रयोग रद्द होतात आणि दुसऱ्या दिवशी बातमी होते. चित्रांचं दालन बंद पडलं तर काय होतं? चित्रं स्टुडिओत राहतात. बाहेर कुणाला कळतही नाही. म्हणून दृश्यकलेच्या जागांना जास्त जागरूक राखणदार लागतात. आणि ते फक्त चित्रकारांमधून येऊन भागणार नाही. या सभागृहात बसलेल्या प्रेक्षकांमधून, शिक्षकांमधून, मुलांना घेऊन रविवारी संग्रहालयात जाणाऱ्या आईवडिलांमधून ते आले पाहिजेत.

मग मागायचं काय? चार गोष्टी. पहिली, प्रत्येक सार्वजनिक कलादालनाला कलावंत आणि अभ्यासकांची सल्लागार समिती असावी, तिची मुदत जाहीर असावी आणि मुदत संपण्याआधी नवी समिती नेमणं नियमानेच बंधनकारक असावं. दुसरी, पुढच्या वर्षभराच्या प्रदर्शनांचं वेळापत्रक आणि निवडीचे निकष लोकांसमोर असावेत. तिसरी, वास्तू धोकादायक आहे असं म्हणायचं असेल, तर तज्ज्ञांचा संरचनात्मक तपासणी अहवाल आधी लोकांसमोर ठेवावा आणि मगच दुरुस्ती की पाडकाम हे ठरावं. चौथी, दुरुस्तीच्या काळात पर्यायी जागा द्यावी आणि पुन्हा उघडण्याची तारीख लेखी द्यावी.

यातली कुठलीही मागणी अवाजवी नाही. यासाठी मोठा निधी लागत नाही, नवा कायदा लागत नाही. २००५चा माहितीचा अधिकार कायदा हाताशी आहेच.

महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत नगरपालिकेची कलादालनं आहेत. काही नाट्यगृहाच्या तळमजल्यावर आहेत, काही ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर. काहींमध्ये चित्रांपेक्षा खुर्च्यांचे ढीग जास्त दिसतात. या व्याख्यानाला आलेल्या प्रत्येकाने येत्या महिन्यात आपल्या गावच्या दालनात जावं. तिथे शेवटचं चित्रप्रदर्शन कधी भरलं, समितीवर कोण कोण आहे, तिची बैठक कधी झाली आणि देखभालीसाठी या वर्षी किती रक्कम ठेवली आहे, हे चार प्रश्न माहितीच्या अधिकाराखाली लेखी विचारावेत आणि पोच घ्यावी. उत्तर आलं तर ते स्थानिक वर्तमानपत्रात छापून आणावं. तीस दिवसांत आलं नाही, तर पहिलं अपील करावं. हे काम एकट्याने करू नये. गावातले दोन चित्रकार, एक चित्रकलेचा शिक्षक आणि एक वकील बरोबर घ्यावा, आणि पुढच्या वर्षी याच व्याख्यानमालेत त्यांनी काय मिळालं ते येऊन सांगावं. आयोजकांनी त्यांच्यासाठी एक संध्याकाळ राखून ठेवावी, अशी विनंती करून हे व्याख्यान संपवतो.